‘किती जपते बाळाला!’ : अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीनंतर एका मातेने घेतलेला धसका

हे प्रकरण बडोद्यातल्या दांडिया बाजार परिसरात सासर असलेल्या, २९ वर्षे वयाच्या एका मातेचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, परंतु घटनाक्रम आणि उपचारांची दिशा तशीच ठेवली आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले, कारण या मातेचा आजार लपलेला नव्हता. घरातल्या प्रत्येकाला तो रोज दिसत होता, फक्त सगळ्यांनी त्याला चांगल्या आईचा गुण समजून त्याचे कौतुक केले.

पार्श्वभूमी

त्यांचे माहेर खानदेशातले आणि शिक्षण एम.कॉम. लग्नानंतर त्या बडोद्यातल्या एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करत होत्या. सासरची मंडळी तीन पिढ्यांची बडोदेकर असल्याने घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती असा रिवाज होता. यांना मात्र बाजारहाटापुरतीच गुजराती समजत असे. आधीची एक गर्भधारणा दहाव्या आठवड्यात थांबली होती, म्हणून या वेळी सुरुवातीपासून सगळे जपून चालले होते. डोहाळजेवण उरकून त्या माहेरी जाणार होत्या. तिसाव्या आठवड्यात डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे ठिपके दिसू लागले आणि चेहऱ्यावर सूज आली. रुग्णालयात रक्तदाब १७०/११० भरला आणि लघवीत प्रथिने आढळली. निदान प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या विकाराचे, झाले. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने देण्यात आली, मातेला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी सिझेरियन करावे लागले. मुलगी झाली, वजन ११८० ग्रॅम.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो, आणि ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वास, दूध आणि ऊब या तिन्हींसाठी आधार लागतो. या मुलीला नवजात अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. सुरुवातीला सीपॅप यंत्राने श्वासाला आधार, श्वास थांबू नये म्हणून कॅफिन, नाकातल्या नळीने दूध आणि काविळीसाठी निळा दिवा असे उपचार झाले. वैद्यकीय दृष्टीने हा प्रवास बराचसा सुरळीत होता. ४१ दिवसांनी १८२० ग्रॅम वजनाची मुलगी घरी आली.

मातेचा प्रवास वेगळा होता. रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत त्यांना पलंगावरून उठू दिले नाही, त्यामुळे त्यांनी आपली मुलगी प्रथम पाहिली ती यजमानांच्या मोबाइलवरच्या छायाचित्रात. त्यात तोंडावर पट्ट्या होत्या, डोळे झाकलेले होते आणि कातडी लाल, तकतकीत दिसत होती. प्रत्यक्ष भेट तिसऱ्या दिवशी झाली, तीही काचेआडून. डॉक्टर रोज सकाळी माहिती देत, पण ती यजमानांना आणि गुजरातीत. बाळंतिणीचा रक्तदाब वाढेल म्हणून तिला फार काही सांगू नका, असे त्यांना बजावण्यात आले होते, आणि ते प्रामाणिकपणे तेवढेच पाळत राहिले. “ठीक आहे, काळजी करू नकोस,” यापलीकडे मातेच्या कानावर काही पडत नसे. त्यांनीच पुढे सांगितले, की यजमानांच्या चेहऱ्याचा रंग पाहून त्या अंदाज बांधत, आणि तो अंदाज नेहमी खऱ्या परिस्थितीपेक्षा वाईटच असे.

त्यातच नात्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी खोलीत त्या ऐकत असताना म्हटले, “सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही.” आपल्याकडे हा समज अजूनही घरोघर आहे. तो साफ चुकीचा आहे. गर्भाशयात बाळ जितके जास्त दिवस राहते तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते. आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा अधिक सुरक्षित असते. पण नुकताच आठवा महिना लागलेल्या त्या ओल्या बाळंतिणीला हे कोणी सांगितले नाही, आणि ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले. पाचवीची पूजा झाली नाही, बारसे लांबणीवर पडले, पेढे कोणालाच गेले नाहीत. येणारे-जाणारे “वजन किती भरलं?” एवढेच विचारत. मूल झाल्याचा आनंद कोणी व्यक्तच केला नाही, म्हणून आपल्याला मूल झाले आहे हेच खरे वाटेना, असे त्या म्हणाल्या.

विभागात भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास होती. बाळाला उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत त्यांना बाराव्या दिवशी पहिल्यांदा मिळाली आणि नंतरही खुर्ची रिकामी असेल तेव्हाच मिळत गेली. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी सुरू केली, ती काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आज तिचे स्थान पेट्यांच्या पर्यायापेक्षा बरेच वरचे आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ती सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसही केली. त्यासाठी आईचा पलंग बाळाच्या विभागातच असावा लागतो. अर्ध्या तासाच्या भेटीचा नियम जिथे जिथे आहे तिथे तो बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संसर्गाची भीती खरी असली तरी आई ही भेटीला आलेली पाहुणी नव्हे.

तेविसाव्या दिवशीच्या संध्याकाळी, त्या पेटीजवळ उभ्या असताना मुलीचा श्वास थांबला. ओठ निळे पडले, यंत्राचा इशारा वाजू लागला, परिचारिका धावत आली आणि मुलीच्या तळपायावर टिचक्या मारू लागली. दुसरीने “बेन, तमे बहार जाओ” म्हणत त्यांना दाराबाहेर काढून पडदा ओढला. सुमारे तासभर त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या आणि त्या तासात कोणीही बाहेर येऊन काही सांगितले नाही.

घरी आल्यानंतर

मुलगी घरी आली तेव्हा घरच्यांच्या दृष्टीने संकट टळले होते. सासूबाईंनी शेक-शेगडीची आणि अळिवाच्या लाडवांची तयारी ठेवली होती. मातेची झोप मात्र त्याच दिवसापासून उडाली, कारण रुग्णालयात श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र होते आणि घरी ते नव्हते. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

पहिल्या भेटीत त्यांनी सोबत आणलेली वही मी पाहिली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीच्या नेटक्या हाताने रकाने आखलेली. वेळ, श्वास, दूध, लंगोट. ‘रात्री २.१० : ४६. २.२५ : ५२. २.४० : ४८, मधे थांबला, ७ पर्यंत मोजले. २.४३ : ५०.’ पानामागून पान असे भरलेले होते. मोबाइलचा प्रकाश मुलीच्या पोटावर धरून त्या पूर्ण मिनिटभर श्वास मोजत आणि नाकपुड्यांखाली बोट धरून खात्री करून घेत. दिवसाही मुलीला कोणाच्या हाती देत नसत, अंघोळीला जाताना स्नानगृहाचे दार उघडे ठेवत. चोवीस तासांत मिळून झोप जेमतेम अडीच तास. शेजारच्या बायका म्हणत, “किती जपते बाळाला! अशी आई मिळायला भाग्य लागतं.” सासूबाईही अभिमानाने हेच सांगत.

इतर लक्षणे कोणी जोडून पाहिली नाहीत. कुकरची शिटी झाली की त्या दचकून उभ्या राहत. मागे येणाऱ्या टेम्पोच्या टुंटुं आवाजाने छातीत धडधड सुरू होई. रुग्णालयाच्या रस्त्याने जावे लागू नये म्हणून त्या तपासणीला लांबच्या वाटेने रिक्षा न्यायला लावत. डिस्चार्जची फाइल कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवलेली होती आणि तिला त्यांनी हात लावला नव्हता. दूध कमी होत चालले होते. जेवण दोन घासांवर आले होते.

बाळाच्या तपासणीला गेल्या असता वजन करण्यासाठी मुलीला काट्यावर ठेवू देईनात, हात थरथरत होते, हे बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आले. त्यांनी “तुम्ही झोपता किती?” असे विचारले, तेव्हा उत्तर आले, “मी झोपले तर ती जाईल.” त्या एका प्रश्नामुळे हे प्रकरण आमच्यापर्यंत पोहोचले. बाळाच्या कार्डावर वजन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, श्रवणचाचणी आणि लसी या सर्वांसाठी रकाने होते. आईसाठी एकही नव्हता.

मूल्यमापन

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मुलगी ६२ दिवसांची होती, म्हणजे प्रसूतीची मूळ तारीख अजून आठ दिवसांवर होती. हे लक्षात घेणे आवश्यक होते. ज्या मुलीने अजून पोटात असायला हवे होते, तिच्या जिवाची राखण ही माता दोन महिने करत होती.

प्रसूतीनंतर चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारे रडूकोसळेपण बहुतेक स्त्रियांना जाणवते आणि दोन आठवड्यांत ओसरते; इथे तो काळ केव्हाच मागे पडला होता. एडिनबरो प्रसूतीपश्चात नैराश्य प्रश्नावली ही १९८७ मध्ये तयार झालेली, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात एकूण गुण ३० असतात आणि १३ किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. यांचे गुण १९ आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला “क्वचित” असे उत्तर होते. अशा उत्तरावर थांबून, शांतपणे आणि थेट विचारावे लागते. त्या म्हणाल्या, “मरायचं नाहीये मला. पण मी नसते तर तिला धड आई मिळाली असती, असं वाटतं.” योजना नव्हती, तयारी नव्हती. कानात आवाज येणे, बाळ बदलले आहे असे वाटणे किंवा बाळाविषयी अघटित समजुती असणे यांपैकी काहीही नव्हते. हे तपासणे अनिवार्य होते, कारण प्रसूतीनंतरचा मनोविकृतीचा झटका हजारी एक-दोन मातांनाच येत असला तरी तो तातडीचा प्रसंग असतो.

पडदा ओढला गेला ते दृश्य त्यांना दिवसातून अनेकदा, जसेच्या तसे दिसत असे. टाळाटाळ, दचकणे, सततची टेहळणी आणि महिन्याहून अधिक काळ टिकलेली लक्षणे यांवरून आघातोत्तर तणाव विकार आणि त्याच्या जोडीला प्रसूतीपश्चात नैराश्य, असे निदान मनोविकारतज्ज्ञांनी केले. थायरॉइड तपासला, तो ठीक होता, हिमोग्लोबिन ९.२ होते, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

यजमानांना एकच भीती होती, की पत्नीला दाखल करतील आणि बाळ वेगळे करतील. दाखल करण्याची गरज नव्हती. तरीही त्यांना सांगितले, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तरच, तेही तात्पुरते. हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग ते स्वतःबद्दल बोलू लागले. ४१ दिवस वाईट बातमी पोटात ठेवून हसऱ्या चेहऱ्याने खोलीत शिरणाऱ्या या माणसाला कोणी कधी काही विचारले नव्हते. त्यांच्याशीही स्वतंत्रपणे बोलणे सुरू केले.

उपचार

पहिले काम झोपेचे होते, कारण अडीच तासांच्या झोपेवर मनाचा कोणताही उपचार टिकत नाही. रात्री नऊ ते दोन मुलीची जबाबदारी यजमानांची, काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजायचे, आणि माता दुसऱ्या खोलीत, असे ठरले. सासूबाईंचा विरोध होता. बाळंतिणीने बाळाशेजारीच निजावे, हे त्यांचे म्हणणे मायेचेच होते. त्यांच्यासोबत स्वतंत्र बैठक झाली आणि तिच्यात मी कौतुकाचा विषय काढला. सून रात्रभर जागते याचे कौतुक झाले की तिला झोपणे हा अपराध वाटतो, हे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “मग मी काय म्हणायचं तिला?” काय म्हणायचे ते त्यांनीच शोधले. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी विचारू लागल्या, “झोप लागली का गं?”

मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध २५ मिलिग्रॅमने सुरू करून ५० वर नेले. औषध दुधात उतरेल या भीतीने ते लपून टाळले जाण्याची शक्यता होती, म्हणून आधीच समजावून सांगितले, की या औषधाचे अंगावरच्या दुधात उतरणारे प्रमाण फार कमी असते आणि स्तनपान करणाऱ्या मातांसाठी ते नेहमी वापरले जाते; मुलगी अपुऱ्या दिवसांची असल्याने तिच्या वजनावर व झोपेवर बालरोगतज्ज्ञ लक्ष ठेवतील. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात हेही सांगितले. मनात टोकाचा विचार आल्यास घरात कोणाला उठवायचे ते ठरवले आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये भरून ठेवला.

श्वास मोजण्याला बंदी घातली नाही. तशी घातली असती तर त्यांनी अंधारात, वहीविना मोजले असते. त्याऐवजी बालरोगतज्ज्ञांनी त्यांना समजावले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास लयीत थांबत-चालत राहतो. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भरभर चालू होतो आणि हे अपरिपक्व मेंदूचे नेहमीचे वागणे आहे. वहीतले ‘७ पर्यंत मोजले’ हे त्यातलेच होते. धोका कधी समजायचा, तर श्वास २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, अंग लुळे किंवा गार पडले, दूध ओढेनाशी झाली, तर. त्या प्रसंगी काय करायचे हे बाहुलीवर हाताने करून शिकवले. मग मोजणे फक्त दुधाच्या वेळी, पुढे दिवसातून दोनदा, असे त्यांनीच कमी करत नेले. पाचव्या आठवड्यात श्वासाचा रकाना रिकामा राहू लागला.

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग फाइल वाचण्याचा वाटतो. आघाताच्या उपचारात घडलेली गोष्ट सुरक्षित जागी, क्रमाने आणि पुन्हा पुन्हा सांगितली जाते. या मातेच्या गोष्टीत मात्र मोठमोठी रिकामी जागा होती आणि तिथे त्यांनी भीती भरली होती. म्हणून काही बैठकांनंतर, त्यांची तयारी झाल्यावर, रुग्णालयाकडून परिचारिकांच्या नोंदींची प्रत मागवली आणि बालरोगतज्ज्ञांच्या उपस्थितीत, मराठीत, तारीखवार वाचली. तेविसाव्या दिवसाचे पान आले तेव्हा त्यांनी यजमानांचा हात घट्ट धरला. मुलगी त्या तासभरात मेली होती आणि तिला परत आणले, असे त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. नोंद अशी होती, की तळपायाला चेतना देताच मिनिटाच्या आत श्वास आणि हृदयाचे ठोके पूर्ववत झाले. पिशवीने श्वास द्यावा लागला नाही. उरलेला वेळ रक्ताचा नमुना घेण्यात, नळी बदलण्यात आणि डॉक्टरांच्या फेरीत गेला होता. त्यांनी ती ओळ स्वतः बोट ठेवून तीनदा वाचली. मग विचारले, “एवढंच होतं? मग मला सांगितलं का नाही?” या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या खोलीत कोणाकडेही नव्हते. त्यानंतरचे त्यांचे रडणे वेगळे होते. त्यात राग होता, आणि तो राग रास्त होता.

अपराधभावाचेही तसेच. लोणचे-पापड खाल्ले, महिनाअखेरीस कार्यालयात उशिरापर्यंत बसले, म्हणून रक्तदाब वाढला, असे त्यांनी मनाशी धरले होते. प्रीएक्लॅम्प्सियाचे मूळ गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या रक्तवाहिन्या नीट न रुजण्यात असते. आईच्या ताटातल्या मिठात किंवा तिच्या नोकरीत नसते. हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी चित्र काढून समजावले. एका बैठकीत हा भाव गेला नाही, पण “माझ्यामुळे” हा शब्द हळूहळू कमी ऐकू येऊ लागला.

कांगारू पद्धत घरी सुरू ठेवली, आणि यजमानांनीही सदरा काढून मुलीला छातीशी घ्यायला सुरुवात केली. मूळ तारीख उलटल्यावर बारसे झाले.

पुढे

आठ आठवड्यांनी प्रश्नावलीचे गुण ८ झाले आणि दहाव्या प्रश्नाचे उत्तर “कधीच नाही” असे आले. सलग पाच-सहा तास झोप लागते, अंगावरचे दूध वाढले आहे. टेम्पोच्या आवाजाने त्या अजून दचकतात. मुलगी जन्मापासून पाच महिन्यांची असताना छातीत कफ होऊन एक रात्र निरीक्षणाखाली राहिली. त्या रात्री जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतील अशी आम्हाला धास्ती होती. हात थरथरले, पण त्या मुलीच्या उशाशी राहिल्या, फेरीवर आलेल्या डॉक्टरांना आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत स्वतः प्रश्न विचारले आणि पहाटे मुलीला यजमानांकडे देऊन दोन तास झोपल्या.

औषध बरे वाटू लागल्यापासून किमान सहा महिने चालू ठेवायचे आहे आणि नंतर सावकाश कमी करायचे आहे. मुलीच्या वाढीचे टप्पे मूळ तारखेपासून मोजायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, म्हणजे शेजारच्या बाळाशी तुलना होऊन नवी भीती निर्माण होणार नाही. दुसऱ्या मुलाचा विषय त्यांनी मागच्या भेटीत स्वतःहून काढला. प्रीएक्लॅम्प्सिया पुन्हा होण्याचा संभव असल्याने पुढच्या गर्भारपणात बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करण्याचा सल्ला स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिला आहे, आणि त्याच आठवड्यापासून आमच्याकडेही यायचे असे ठरले आहे. यजमानांनी ती तारीख लागलीच विचारली, त्या म्हणाल्या, “अजून दोन वर्षं तरी नाही.”